लिलावात गेलेले घर सोडताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गृहकर्ज थकल्यावर बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, घर विकते, तेव्हा कुटुंबाचे मोठे नुकसान झालेलेच असते. पण त्यानंतर घर रिकामे करण्याच्या काळात आणखी बरेच काही विनाकारण हातचे जाते. विक्रीतून उरलेली रक्कम, अनामती, कागदपत्रे, घरातले सामान, आणि पुष्कळदा नव्या ठिकाणच्या डिपॉझिटसाठी राखून ठेवायला हवे होते ते पैसेही. यातले बरेचसे टाळता येते. कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कर्जदारांच्या बाजूने उभे राहणारे आम्ही काही वकील आहोत. वाचकांना प्रत्यक्ष उपयोग व्हावा एवढ्या तपशिलाने लिहिले आहे, त्यामुळे पत्र लांबले आहे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरले की घर सुटते’. पूर्वी तसे होते. कायद्याच्या कलम १३(८) मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली आणि आता लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच सगळी रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात हे स्पष्ट केले आहे. सूचना छापून आल्यावर पैसे घेऊन गेलात, तरी घर परत देण्याचे बंधन बँकेवर राहत नाही. शिवाय ‘सगळी रक्कम’ म्हणजे केवळ थकलेले हप्ते नव्हेत. संपूर्ण कर्ज, व्याज आणि वसुलीचा खर्च त्यात येतो. दाराला चिकटवलेल्या ताबा सूचनेच्या शेवटी ‘कलम १३ च्या उपकलम (८) कडे कर्जदाराचे लक्ष वेधण्यात येत आहे’ असे एक वाक्य असते. संपूर्ण सूचनेत कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच, आणि कायद्याचे पुस्तक हाताशी नसलेल्या माणसाला त्यातून काहीही कळत नाही.

म्हणून घर वाचवण्याची जी काही धडपड करायची ती लिलावाच्या सूचनेआधी. कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस आली की लेखी हरकत पाठवावी. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. घर वाचणार नाही हे दिसत असेल, तर स्वतः गिऱ्हाईक शोधून बँकेच्या लेखी संमतीने विकणे हा लिलावापेक्षा बहुतेक वेळा चांगला मार्ग ठरतो. राहत्या घरात येऊन, शेजाऱ्यांशी बोलून घेणारा माणूस ‘जसे आहे तसे’ या अटीवर बोली लावणाऱ्यापेक्षा जास्त किंमत देतो. मात्र १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हे विसरू नये. तोंडी ‘हो’ला इथे काही अर्थ नाही.

आता घर सोडण्याच्या वेळेचा हिशेब. तो अंदाजाने करू नका, कारण नियमांतच तो बराचसा दिलेला आहे. विक्रीची ३० दिवसांची नोटीस कर्जदाराला द्यावी लागते. पहिला लिलाव बोलीअभावी फसला, तर पुढच्या लिलावाला १५ दिवसांची नोटीस पुरते. बेसावध कुटुंबे नेमकी या दुसऱ्या फेरीत सापडतात, कारण पहिला लिलाव फसला म्हणजे संकट टळले असे त्यांना वाटलेले असते. बोली मंजूर झाली की घेणाऱ्याने त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने वाढवता येते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. पूर्ण पैसे आले की विक्री प्रमाणपत्र निघते. म्हणजे लिलावाची सूचना हातात पडल्या दिवसापासून दीड महिन्यात घर कायद्याने दुसऱ्याचे झालेले असू शकते.

तोवर बँकेकडे केवळ सांकेतिक ताबा (दाराला सूचना चिकटवून कागदोपत्री घेतलेला) असेल, तर प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. त्यावरचा आदेश ३० दिवसांत, कारणे नोंदवून वाढवला तर एकूण ६० दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कमी-जास्त होते. काही कुटुंबे या कलम १४ च्या अर्जात आपले म्हणणे ऐकले जाईल म्हणून थांबतात. दंडाधिकारी तिथे कर्जाचा वाद ऐकत नाहीत. बँकेच्या प्रतिज्ञापत्रात आवश्यक बाबी आहेत का एवढेच पाहतात. वाद मांडायची जागा डीआरटी, कलम १७ खाली, बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. नोटिशीतली चूक, मूल्यांकनातली गडबड, मुदत न पाळणे, असे काही ठोस असेल तर जरूर जावे. दिवाणी न्यायालयात जाऊन उपयोग नाही, कलम ३४ ने तो रस्ता बंद केला आहे.

पैशांबद्दल एक कळकळीची विनंती. लिलावाची सूचना निघाल्यानंतर, हातात उरलेले लाख-दोन लाख कर्जखात्यात भरून ‘थोडी मुदत’ विकत घेण्याचा प्रयत्न करू नका. तडजोड मंजूर झाल्याचे आणि कारवाई थांबवल्याचे बँकेचे पत्र हातात नसेल, तर अर्धवट भरणा कारवाई थांबवत नाही; रक्कम व्याजात जिरते आणि भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला काही उरत नाही. ‘स्टे आणून देतो’ म्हणत रोख मागणारे मध्यस्थ याच आठवड्यांत दारात येतात. वकिलाची फी पावतीने द्यावी, अर्जाचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. तडजोडीची रक्कम भरायचीच झाली तर फक्त कर्जखात्यात, कोणा व्यक्तीच्या खात्यात कधीही नाही.

सामान बांधायला घेण्याआधी कागद हलवा. कुटुंबे भांडी-कपाटांपासून सुरुवात करतात, आणि कागदांची पिशवी शेवटच्या दिवशी कुलूपबंद घरात राहते. मूळ करारनामा आणि भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) बँकेकडे असते आणि विक्रीनंतर ते घेणाऱ्याकडे जाते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रती आधीच काढून ठेवा. सोबत कर्जमंजुरीचे पत्र, पूर्ण खातेउतारा, आलेली प्रत्येक नोटीस (पाकिटासह, कारण त्यावरची टपालाची तारीख पुढे कामी येते), सोसायटीच्या पावत्या, मालमत्ता कराची बिले, आणि घर घेताना व नंतर दुरुस्ती-बांधकामावर केलेल्या खर्चाची बिले. ही शेवटची बिले फेकून दिली जातात, आणि कर भरायच्या वेळी त्यांचीच गरज पडते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. मुलांच्या शाळेचे दाखले, आधार, शिधापत्रिका, वैद्यकीय कागद आणि दागिने हे सगळे पहिल्याच दिवशी नातेवाइकांकडे किंवा नव्या घरी पोहोचलेले असावे.

सामानाचा प्रश्न बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. गहाण असते ते घर. त्यातले फर्निचर, फ्रिज, कपडे, भांडी, पुस्तके स्वतंत्रपणे तारण दिलेली नसतील, तर त्यांवर बँकेचा हक्क नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी: दारे, खिडक्या, ग्रिल, फरशा, ओटा, नळ, संडास-न्हाणीघरातली भांडी, भिंतीतली वायरिंग ही घराचाच भाग आहेत. रागाच्या भरात किंवा ‘आपणच पैसे घालून बसवले’ म्हणून ती काढून नेली जातात. मग नुकसानीची तक्रार होते आणि उरलेली रक्कम मागताना बँकेला अडवायला निमित्त मिळते. पंखे, एसी, गिझर, पडदे हे सहसा काढता येतात. भिंतीत ठोकून बसवलेली कपाटे आणि मॉड्युलर किचन यांवर वाद होतो. लिलावाच्या सूचनेतले मालमत्तेचे वर्णन पाहा, बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला (ही कारवाई करण्यासाठी बँकेने नेमलेल्या अधिकाऱ्याला) ईमेल करून विचारा, आणि उत्तर आल्यावरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.

प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी काय होते हे आधी ठाऊक असेल तर घबराट कमी होते. न्यायालयाने नेमलेला कमिशनर किंवा तहसील कार्यालयातला अधिकारी, बँकेचा प्राधिकृत अधिकारी, पोलीस, पंच, कुलूपवाला आणि बहुधा व्हिडिओ चित्रीकरण करणारा, एवढी मंडळी येतात. आदेशाची प्रत मागून घ्या आणि तिच्यावरचे घराचे वर्णन आपल्याच घराचे आहे ना ते वाचा. फ्लॅट क्रमांकात किंवा विंगमध्ये चूक असेल, तर तिथेच लेखी निदर्शनास आणा. घरात कोणी नसले तरी कारवाई थांबत नाही. कुलूप तोडून सामानाची यादी केली जाते. म्हणून ‘आपण बाहेरगावी गेलो की ते परत जातील’ हा सल्ला कोणी दिला तर मानू नका. त्यातून एवढेच होते की तुमच्या सामानाची यादी तुमच्या गैरहजेरीत बनते.

हजर असाल तर पंचनाम्यात प्रत्येक खोलीतले सामान नोंदवून घ्या आणि प्रत मागा. ‘इतर किरकोळ वस्तू’ अशी मोघम नोंद मान्य करू नका, कारण नंतर हरवलेली शिवणयंत्रे, मिक्सर आणि लॅपटॉप सगळे त्या तीन शब्दांत शिरतात. सामान आत राहिलेच तर त्याच दिवशी प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: यादीतले कोणते सामान, कोणत्या तारखेला, कोण नेणार. सील किंवा कुलूप स्वतः तोडून आत जाणे हा फौजदारी गुन्हा होतो, आणि त्यानंतर न्यायाधिकरणापुढे तुमची बाजू मांडणे फार अवघड जाते.

घरात अंथरुणाला खिळलेले रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली स्त्री किंवा ऑक्सिजनवरचे ज्येष्ठ असतील, तर ताब्याच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह बँकेला आणि कमिशनरला आधीच कळवावे आणि ठरावीक तारखेपर्यंत मुदत मागावी. ‘थोडे दिवस द्या’ या अर्जाला कोणी मुदत देत नाही; ‘वार्षिक परीक्षा अमुक तारखेला संपते, त्यानंतर अमुक तारखेला दुपारी चावी देतो, भाडेकराराची प्रत सोबत जोडली आहे’ या अर्जाला अनेकदा मिळते. मुदत देण्याचे बंधन नसते, पण पोलीस बंदोबस्ताचा खर्च आणि खटाटोप वाचणे बँकेलाही हवेच असते.

त्यामुळे डीआरटीकडून दिलासा मिळण्याची शक्यता नसेल, तर आपणहून ताबा देणे हेच आमच्या मते शहाणपणाचे. तो देताना पत्र दोन प्रतींत करावे आणि एका प्रतीवर बँकेचा सही-शिक्का घ्यावा. त्यात किती चाव्या दिल्या, विजेच्या मीटरचे वाचन, घराची स्थिती, तारीख व वेळ, आणि ‘कलम १७ खालील व अन्य सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून ताबा देत आहोत’ हे वाक्य असावेच. बँकेची कारवाई बेकायदा ठरली तर घराचा ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण करू शकते. ते दार आपल्या सहीने बंद करू नये. रिकाम्या खोल्यांचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवा. चावी बँकेच्या अधिकाऱ्याकडेच द्या. लिलावात घर घेणाऱ्याला परस्पर दारात येऊन कुटुंबाला बाहेर काढण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा किंवा कुलूप लावण्याचा अधिकार नाही. तसे कोणी केले तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे, तेही इथे सांगून ठेवतो.

विजेची जोडणी तुमच्या नावावर असेल, तर शेवटच्या वाचनाचे बिल भरून कायमस्वरूपी बंद करण्याचा किंवा नाव बदलण्याचा अर्ज द्या. तसे न केल्यास पुढचा वापर तुमच्याच नावावर चढत राहतो आणि सुरक्षा ठेवही अडकते. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून अनामत परत घेता येते, त्यासाठी जोडणीच्या वेळचे व्हाउचर शोधून ठेवा. पाइप गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बंद करून घ्यावा. घाईत स्वतः पाना लावणे जिवावर बेतू शकते. सोसायटीकडून थकबाकीचे लेखी विवरण घ्या. टपाल वळवण्याचा अर्ज पोस्टात द्या.

नवा पत्ता बँकेला कळवणे हे सर्वांत नकोसे वाटते आणि सर्वांत जास्त टाळले जाते. कारण समजण्यासारखे आहे. पण विक्रीतून कर्ज पूर्ण फिटले नसेल, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदारावर आणि जामीनदारावर कलम १३(१०) खाली स्वतंत्र कारवाई करू शकते. २० लाख रुपये आणि त्यावरचे दावे डीआरटीत, त्याखालचे दिवाणी न्यायालयात जातात. समन्स जुन्या, कुलूपबंद घराच्या पत्त्यावर गेले की निकाल एकतर्फी होतो आणि कुटुंबाला तो पगारावर किंवा बँक खात्यावर टाच आल्यावर कळतो.

आणि विक्रीत जास्त पैसे आले असतील तर? वसुलीचा खर्च आणि येणे वळते करून उरलेली रक्कम हक्कदाराला देणे कलम १३(७) खाली बँकेवर बंधनकारक आहे. ती आपोआप घरी येईल असे धरून चालू नका. विक्रीची किंमत, कोणत्या तारखेपर्यंतचे व्याज, आणि मूल्यांकन, जाहिरात, पहारेकरी, वकील, कमिशनर यांचा प्रत्येकी खर्च दाखवणारा हिशेब नोंदणीकृत टपालाने मागा. पहारेकऱ्याच्या आणि ‘इतर’ खर्चाच्या आकड्यांकडे बारकाईने पाहा. कर्जदार हयात नसेल, तर वारसांनी कर्जासोबत विमा उतरवला होता का हेही खातेउताऱ्यातल्या पहिल्या कपातीवरून तपासावे. असा विमा असूनही दावा न करता घर गेल्याची प्रकरणे असतात.

कराचा मुद्दा तर बहुतेकांच्या गावीही नसतो. लिलावात विकलेले घर म्हणजे आयकराच्या दृष्टीने तुम्हीच केलेली विक्री. एक रुपयाही हातात न येता भांडवली नफा झालेला असू शकतो. स्वतः काढलेले गहाणकर्ज फेडायला गेलेली रक्कम त्या नफ्यातून वजा मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आहेत. व्यवहार ५० लाख किंवा अधिकचा असेल, तर घेणारा १ टक्का कर कापून तुमच्या पॅनवर भरतो, आणि विक्री आयकर खात्याला तिथूनच दिसते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर निवासी व्यक्तीला १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी कर लागतो. म्हणून खरेदीची आणि दुरुस्तीची बिले जपा, आणि त्या वर्षीचे विवरणपत्र चुकवू नका. उत्पन्न कमी म्हणून विवरण न भरणाऱ्यांना नोटीस इथूनच येते.

घरात भाडेकरू असेल, तर त्याला कर्जदाराबरोबर निमूट बाहेर पडण्याची गरज नाही. गहाणापूर्वीचा नोंदणीकृत करार असल्यास तो कलम १७(४अ) खाली स्वतः डीआरटीत जाऊ शकतो. तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या करारावर मात्र फारसे हाती लागत नाही. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. सहकारी बँकांना तो लागू असल्याचे मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पतसंस्थांची वसुली मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यावर चालते, तिथल्या मुदती आणि अपिलाची जागा वेगळी. वर लिहिलेल्या तारखा त्या प्रकरणांना लावू नयेत.

बँकांकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे आमच्या तीन मागण्या आहेत. घर सोडवण्याची मुदत केव्हा संपते, हे ताबा सूचनेत कलमाच्या आकड्याऐवजी सरळ मराठीत लिहावे. प्रत्यक्ष ताब्याची तारीख कुटुंबाला आधी कळवण्याची स्पष्ट तरतूद कलम १४ मध्ये नाही. ती किमान १५ दिवस आधी, संपर्क अधिकाऱ्याच्या नावासह लेखी द्यावी. आणि विक्रीचा संपूर्ण हिशेब, शिल्लक असो वा तूट, कर्जदाराने न मागता पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांत त्याच्या हाती द्यावा.

आपले,
डीआरटीत कर्जदारांची बाजू मांडणारे काही वकील